मंगळवारची सुट्टी

"चालून दाखव."

साहेब हे मराठीत म्हणाले, म्हणजे फक्त मला. मग सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत. "गेस्ट ने कंप्लेंट किया है. देखो सब, ये कैसे चलता है."

बहारीनमधल्या झल्लाकचं समुद्राकाठचं हॉटेल. शिफ्टआधी आम्हा वेटरांना किचनमागच्या पॅसेजमध्ये रांगेत उभं करतात. नखं बघतात, दाढी बघतात, बूट बघतात. त्या दिवशी माझी चाल बघितली.

मी चाललो. काय करणार? व्हिसा कंपनीचा, खोली कंपनीची. हातात रिकामा ट्रे घेऊन भिंतीपर्यंत गेलो, परत आलो. "फिर से. मर्द की तरह." पुन्हा गेलो. पोरं हसली. ज्यांच्याबरोबर एका ताटात जेवलो तीच पोरं. कंबर कुठे ठेवायची, हात किती हलवायचे, काही समजेना. वसईच्या घरात मीच थोरला, दोन बहिणींची लग्नं लावून दिलेला बाप्या, आणि तिथे चालायला शिकत होतो.

बेकरीच्या दारात बिपिन उभा होता. नेपाळचा, हॉटेलचे पाव आणि केक तोच करायचा. हात पिठाने भरलेले. तो हसला नाही. म्हणाला, "बस करो, सर."

एवढंच. पण साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी बिपिनला पोलिसांनी नेलं. गेस्टची तक्रार सिक्युरिटीने पुढे दिली होती. तक्रार माझ्याबद्दलची, नेलं त्याला. त्याच्या मोबाइलमध्ये आम्हा दोघांचे फोटो सापडले म्हणे. कसले फोटो? किनाऱ्यावर शेजारी शेजारी बसलेले. एकात मी डोळे मिटलेत, कारण ऊन होतं.

मला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेब हॉटेलचे मॅनेजर, पुण्याचे. जनाबियाच्या श्रीमंत वस्तीत व्हिला. दर गणपतीत मला घरी बोलवायचे, वाढायला. "आपला माणूस आहे," असं पाहुण्यांना सांगायचे.

"बस. हे बघ, मी मोकळ्या विचारांचा आहे. आपल्याकडे कोर्टाने तसला कायदा रद्द केला, मला आनंदच झाला होता. पण हे बहारीन आहे. आता खरं सांग. तू शुक्रवार सोडून मंगळवारची सुट्टी का घेतोस?"

इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून चर्चची मोठी मिस्साही शुक्रवारी. वसईचे आम्ही ख्रिस्ती त्या सुट्टीसाठी एकमेकांशी भांडतो. मी मात्र ती दर आठवड्याला कुणाला तरी देऊन टाकायचो आणि बदल्यात मंगळवार मागायचो. बिपिनची सुट्टी मंगळवारी असायची. मला वाटायचं, केवढी हुशारी केली. फुकटचा शुक्रवार मिळतोय म्हटल्यावर कोण कशाला विचारतंय? विचारलं नाहीच कुणी. पण चर्चमध्ये माझी रिकामी जागा सगळे बघत होते.

"तुमच्याच चर्चमधल्या माणसाने सांगितलं," साहेब म्हणाले.

आणि मंगळवारी आम्ही काय करायचो? मनामाच्या सूकमध्ये, जुन्या बाजारात, चहा प्यायचो. बसने परत यायचो. किनाऱ्यावर बसायचो. बाहेर कधी हातही धरला नाही.

मी धीर करून म्हणालो, "सर, दोन मोठ्या माणसांनी राजीखुशीने एकत्र असणं, त्याला इथे कलम नाही म्हणतात."

साहेब हसले. "नाही ना? तीच तर अडचण आहे. कलम असतं तर वकील म्हणाला असता, सिद्ध करा. इथे पोलीस म्हणणार, सभ्यतेला धरून नाही. त्यावर काय बोलशील? आणि तू परदेशी. तुला तेवढंही कुणी सांगणार नाही. विमानात बसवतील, खलास."

मला रडू कोसळलं. साहेबांसमोर रडलो याची चीड अजून जात नाही. पण जाणार कुठे होतो? इथे सरकारविरुद्ध मोबाइलवर चार ओळी लिहिल्या तरी माणसं आत जातात. आमच्यासाठी कोण तोंड उघडणार? वकिलातीत जाऊन काय सांगायचं? चर्चमध्ये तर आधीच सगळ्यांना माहीत.

साहेबांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. आवाज एकदम मऊ केला.

"तू वाचशील. एचआरसमोर एकच वाक्य म्हण. तो माझ्या मागे लागला होता. बस. तो तसाही जाणारच आहे. मराठी माणसाला मी वाऱ्यावर सोडणार नाही."

ते वाक्य म्हटलं असतं तर माझा व्हिसा राहिला असता. आणि बिपिनवर लावायला त्यांना खरंखुरं कलम मिळालं असतं. जबरदस्तीचं. विमानाऐवजी जेल.

एचआरची बाई आली. साहेब माझ्याकडे बघून मान हलवत होते, पोराला पाठ केलेलं म्हणायला लावतात तशी.

मी हिंदीत म्हणालो, "उसके पीछे मैं लगा था. वो रुक गया. हम दोनों राजी थे."

साहेब मराठीत ओरडले, "मूर्खा, कळतंय का काय बोलतोयस?"

कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसासमोर मला माझं बोलणं कळत होतं.

त्याने काही बदललं नाही. बिपिनला काठमांडूला पाठवलं. मला भेटू दिलं नाही. त्याचा जुना नंबर बंद आहे, नवा माझ्याकडे नाही. माझा व्हिसा रद्द झाला. पासपोर्ट कंपनीकडे आहे, तिकिटाची वाट बघत मी खोलीत बसून आहे. पोरं आत आली की बोलणं थांबवतात.

मी केबिनमधून निघताना साहेब म्हणाले होते, "घरी सांग, कंपनीने माणसं कमी केली. आईला धक्का नको."

आई दर शुक्रवारी फोनवर विचारायची, मिस्साला गेलास का? मी हो म्हणायचो.

आता ती विचारील, नोकरी का गेली. मी तिला समोर बसवणार आणि बिपिनचं नाव सांगणार. कंपनीने माणसं कमी केली, हे वाक्य मी म्हणणार नाही. तिने घराबाहेर काढलं तरी नाही.