स्लाइड धुताना

एटापल्लीकडच्या एका आरोग्य केंद्रात मी लॅब टेक्निशियन म्हणून रुजू झाले, तेव्हा तिथले जुने टेक्निशियन भाऊ मला काहीच शिकवत नसत. दिवसभर मायक्रोस्कोपखाली मलेरियाच्या स्लाइड बघायचे आणि संध्याकाळी वापरलेल्या स्लाइड टबात घेऊन स्वतः धूत बसायचे. ते काम त्यांचं नव्हतं, माझं तर मुळीच नव्हतं. भाऊ शिकवत नाहीत, अशी मी तालुक्याच्या साहेबांकडे तक्रार केली. साहेबांनी त्यांना प्रशिक्षणात बोलायला उभं केलं. भाऊ पाच मिनिटं अडखळले आणि खाली बसले. "माहिती दाबून ठेवतात," साहेब म्हणाले. मीही मान डोलावली.

एकदा स्लाइडचा ढीग फारच मोठा दिसला, म्हणून हातमोजे चढवून मी शेजारी बसले. भाऊंनी एक स्लाइड उजेडात धरली. "बाई, हा ठिपका दिसून राह्यला ना? हा रंगाचा हाय. नीट धुतला नाई, तर उद्या तुले हाच जंतू वाटन. मागच्या हप्त्यात वाटलाच होता."

मी जाऊन वही उघडली. माझा तो चुकीचा रिपोर्ट त्यांनी पुन्हा तपासून, माझ्याच वहीत दुरुस्त करून ठेवला होता. कुणाला बोलले नव्हते.

त्यानंतर रोज धुता धुता ते बोलत गेले. माझा हात त्या टबात बसला.

आता भाऊ निवृत्त आहेत. परवा साहेबांचं पत्र आलं: नव्या मुलीच्या प्रशिक्षणाचं वेळापत्रक पाठवा. मी एका ओळीत कळवलं, "संध्याकाळी पाच, टबाजवळ."