वडिलांचा नवस आणि बांगड्याचे कण

हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो ते वर्ष माझ्या डोक्यात कणांखेरीज काही नव्हतं. प्रत्येक पदार्थ बारीक कणांचा, आणि कण सतत हलणारे, हे मी वर्गात सांगायचो, बाजारात सांगायचो, न्हाव्यापुढे अर्धी दाढी झालेली असतानाही सांगायचो. बाहेरचे ऐकून घ्यायचे. घरातले तेवढे ऐकत नसत, आणि याचा मला मनस्वी राग होता.

त्याच वर्षी ताई बाळंतपणाला माहेरी आली. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं, त्यामुळे घरात सगळ्यांच्या जिवाला घोर. वडिलांनी ग्रामदेवतेला नवस बोलला: ही सुखरूप मोकळी होईपर्यंत माझ्या पोटात मासळी जाणार नाही. माशाशिवाय ज्यांच्या घशाखाली भात उतरत नसे त्यांनी हे बोलावं! आई तर देवळातच हसली.

पण ताईला डोहाळे लागले ते तळलेल्या बांगड्यांचे. रोज दुपारी तव्यावर बांगडे चुरचुरायचे आणि वडील डाळभाताचं ताट घेऊन नेमके स्वयंपाकघराच्या दारात बसायचे. एक घास, एक लांब श्वास. ताट चाटूनपुसून स्वच्छ व्हायचं.

एके दुपारी मला राहवलं नाही. "बाबानू, वास म्हणजे काय तां तुमका ठावक आसा? तव्यावरच्या बांगड्याचेच बारीक कण सुटतत, उडत येतत आणि तुमच्या नाकात शिरतत."

वडिलांचा घास हातातच राहिला. "बांगड्याचेच?"

"बांगड्याचेच."

"म्हणजे मी रोज बांगडो खातंय?"

"तसा नाय. नाक येगळा, पोट येगळा."

"खंयचा येगळा? पाणी पिताना ठसको लागलो की ता नाकातसून भायर येता. वाट एकच आसा!"

मी कोळशाने जमिनीवर फुप्फुसांची आकृती काढून दाखवायला लागलो, तोवर ते ताट सरकवून उठले होते. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी फुप्फुसं पुसून टाकली.

दुसऱ्या दिवसापासून वडिलांच्या नाकाला पंचा. आमचं दुकान जाळ्यांचं आणि दोऱ्यांचं, गिऱ्हाईक होडीवरून उतरून थेट आमच्याकडे येणारं. मालक आपल्याला पाहून नाक बांधतो म्हटल्यावर लोक रुसले. घरी खिडक्या लावून घेतल्या, तर बांगडा आतच कोंडला. किनाऱ्यावर मोकळ्या वाऱ्याला गेले, तर तिथे मासळी सुकत घातलेली. अख्ख्या मालवणात त्यांना बिनवासाची जागा मिळेना.

शेवटी पिशवी भरून ते एसटीने धामापूरला आपल्या मावशीकडे निघून गेले. भाचा कधी नव्हे तो आला म्हणून मावशीने कौतुकाने सुक्या सुंगटांचं, म्हणजे कोलंबीचं, किसमूर केलं. वडील तिथूनही उठले आणि तळ्याकाठी भगवतीच्या देवळात जाऊन बसले. इकडे आई माझ्याशी बोलेना. मी खोटं काय बोललो होतो? कण ते कणच.

ताई मोकळी झाली त्या सकाळी मी मिळेल ती गाडी पकडून धामापूर गाठलं. वडील देवळाच्या पायरीवर, पंचा नाकाला. मला पाहून उभे राहिले.

"चेडू झाला. दोघांय बरी आसत," मी म्हटलं.

नात झाली हे ऐकताच ते पंच्यात तोंड घालून रडले. मीही रडलो, विज्ञानाचा मास्तर असून.

घरी पोहोचलो तर आईने नवस पुरा झाला म्हणून तवाभर बांगडे तळून ठेवलेले. वडिलांनी पाय धुतले, ताटाकडे एक नजर टाकली आणि ताईच्या खोलीच्या दाराशी गेले. आईने दुपट्यात गुंडाळलेलं बाळ त्यांच्या हातात दिलं आणि ती पान वाढायला वळली. वडिलांनी वाकून बाळाच्या टाळूला नाक लावलं आणि लांब श्वास घेतला. मग आणखी एक.

"अवो, येवा, जेवण निवता," आईने हाक मारली. पुन्हा मारली, जरा चिडून.

वडिलांनी मान वर केली नाही.

"जेवतंय मां गो," ते म्हणाले.