चबुतऱ्यावरची लाल खूण

आमच्या साडूंना या जगात उतार सोडून दुसरं काहीही दिसत नाही, असं मी चारचौघांत म्हणालो तर त्यांच्या बायकोखेरीज कुणीही हरकत घेणार नाही. आणि तीही एवढंच म्हणेल की, उताराखालोखाल त्यांना चहा दिसतो. बँकेने माझी बदली लखनौला केली आणि आम्ही भाड्याने घर घेतलं, तेव्हा माझ्या बायकोची थोरली बहीण आणि हे साडू पहिल्यांदा आमच्याकडे आले. ताईंनी रीतीप्रमाणे स्वयंपाकघर पाहिलं, देव कुठे मांडलेत ते पाहिलं, पडद्यांचा रंग चुकला असं सांगितलं. साडूंनी खिशातून काचेची एक गोटी काढून दिवाणखान्याच्या मधोमध ठेवली. गोटी क्षणभर थांबली आणि मग शांतपणे सोफ्याखाली निघून गेली. "बँकवाले," साडू मला म्हणाले, "तुमचं घर वायव्येला चाललंय." त्यानंतर ते न्हाणीघरात गेले, तांब्याभर पाणी ओतून मोरीसमोर उकिडवे बसले आणि चहा निवेपर्यंत बाहेर आले नाहीत. घरमालकाला मी हे सगळं सांगितलं, पण तो लखनौचा माणूस. "हुज़ूर, आप कहें तो सोफ़ा उधर कर लें," असं म्हणून त्याने विषय मिटवला.

साडू मूळचे साताऱ्याचे. रेल्वेत इंजिनीअर म्हणून तीसेक वर्षं लखनौतल्या मानकनगरच्या कॉलनीत राहिले आणि निवृत्तीनंतर, सगळे नातेवाईक त्यांची साताऱ्यात वाट पाहत असताना, लखनौबाहेर बख्शी का तालाबच्याही पुढे एका कसब्यात घर बांधून मोकळे झाले. कारण विचारलं तर म्हणाले, "जागेला उतार छान आहे." गावाला नुकतीच नगर पंचायत मिळालेली होती, म्हणजे पाटी नवी, कार्यालय नवं आणि रस्ते आहेत तेच. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात गवंडी पाणी भरून पातळी जुळवायला वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप आणि ओळंबा, डोक्यावर रेल्वेतली जुनी टोपी, अशा थाटात साडू गावभर हिंडत आणि जिथे पाणी साचलेलं दिसेल तिथे आजारी माणसापाशी बसावं तसे बसत. पोरीच्या लग्नात मांडव उभा राहिल्यावर यांनी पाइपचं एक टोक होमकुंडापाशी धरलं आणि दुसरं भटजींच्या हातात दिलं. नवरी मुलगी हिरव्या साडीत खिडकीतून ओरडली, "पापा, प्लीज़, शादी है, साइट नहीं है." मांडव तरीही दीड फूट पूर्वेला सरकला. लग्नाच्या दिवशी अवेळी सर आली तेव्हा सगळं पाणी व्याह्यांच्या तंबूकडे गेलं, ही गोष्ट ताई अजून उगाळतात. साडूंचं म्हणणं असं की, व्याह्यांनी आधी विचारायला हवं होतं.

ताईंना साताऱ्याला परत जायचं होतं. दरवर्षी गणपतीच्या सुमाराला त्या विषय काढत आणि दरवर्षी साडू म्हणत, "एवढी शाळेची नाली होऊ दे, मग निघूच." गावातली मुलींची शाळा अगदी खोलगट भागात आहे. पावसाळ्याचे तीन महिने तिच्या गल्लीत गुडघाभर काळं पाणी असायचं. मुली हातात चपला आणि डोक्यावर दप्तर घेऊन यायच्या, आणि अकरा-बारा वर्षांच्या झाल्या की कितीतरी जणींना घरचे पाठवायचेच नाहीत. शाळेपासून मोठ्या नाल्यापर्यंत नाली खोदली की प्रश्न सुटणार होता. दरवर्षी अंदाजपत्रकात ती नाली लिहिली जायची आणि दरवर्षी दुसरं काहीतरी तिच्या पुढे जाऊन बसायचं. त्या वर्षी पुढे बसलं होतं एक स्वागतद्वार, कमळाच्या आकाराची कमान आणि रंगीत दिवे असलेलं. नगर पंचायतीच्या अध्यक्ष एक बाई होत्या, पण सगळं गाव 'अध्यक्षजी' म्हणायचं ते त्यांच्या यजमानांना, आणि द्वार ही त्या यजमानांची हौस होती. "लखनौकडून येणाऱ्याला कळायला नको का, आपलं गाव आलं ते?" असा त्यांचा मुद्दा होता. साडू म्हणाले, वास आला की कळतंच.

हे म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणं आहे, असं ताई म्हणायच्या आणि ते खरंच होतं. अंदाजपत्रकाची प्रत मिळवून साडूंनी ती परीक्षेचा अभ्यास करावा तशी लाल-निळ्या पेन्सिलीने रंगवली. नगर पंचायतीच्या बोर्डाच्या प्रत्येक बैठकीला ते मागच्या खुर्चीवर जाऊन बसायचे आणि ती खुर्ची डुगडुगते म्हणून आधी तिच्या पायाखाली कागद घालायचे. भाषणं करून उपयोग नाही, पालथ्या घड्यावर पाणी, हे त्यांना लवकरच उमगलं. तेव्हा त्यांनी एक साधा अर्ज दिला: ऑगस्टची बैठक या वेळी मुलींच्या शाळेत घ्यावी, मुली स्वागतगीत म्हणतील. स्वागत म्हटल्यावर कोण नाही म्हणतो. त्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकून गेलो होतो. सगळे सभासद बूट हातात घेऊन, पायजमे गुडघ्यापर्यंत सावरत, एकमेकांचा हात धरून शाळेत पोचले. अध्यक्षजींचे पांढरे बूट एका सातवीतल्या मुलीने अदबीने धरले होते. ती म्हणाली, "अंकलजी, दीवार पकड़ के चलिए, बीच में गड्ढा है." स्वागतगीत झालं, बैठक झाली, द्वार पुढच्या वर्षावर गेलं आणि नाली मंजूर झाली. साडूंनी परत येताना मला चहा पाजला आणि स्वतः दोन प्याले.

हा चहा ज्या टपरीवर मिळायचा तिच्याबद्दल सांगायलाच हवं. शाळा आणि नाला यांच्या बरोबर मध्ये एका चचांची टपरी आहे आणि टपरीपुढे विटांचा चबुतरा. साडूंची सकाळची बैठक तिथेच. नालीची आखणी करायची वेळ आली तेव्हा सगळ्या उंच्या कुठून मोजायच्या, असा प्रश्न निघाला. त्याला न हलणारी जागा लागते. साडूंनी गावात फिरून पाहिलं, सगळ्यात जुनी आणि सगळ्यात भक्कम गोष्ट म्हणजे चचांचा चबुतरा, असा निर्णय दिला आणि त्याच्या वरच्या काठावर लाल रंगाने एक बोटभर खूण केली. "चचा, ये निशान मिटना नहीं चाहिए," असं बजावलं. चचा हात छातीला लावून म्हणाले, "साहब, जान चली जाए, निशान न जाएगा." त्या खुणेपासून मोजून शाळा ते टपरी असा नालीचा पहिला निम्मा भाग हिवाळ्यात बांधून झाला. मग निवडणुकीची आचारसंहिता आली, पैशाचा पुढचा हप्ता अडकला, पावसाळा आला, आणि टपरी ते नाला हा उरलेला भाग दिवाळीनंतर सुरू झाला. साडूंनी पुन्हा पाइप काढला, पुन्हा त्याच लाल खुणेपासून उंच्या दिल्या. डिसेंबरात काम संपलं.

पाण्याचा टँकर बोलावून चाचणी घ्यायचं ठरलं. आम्ही सहकुटुंब गेलो होतो. ताईंनी घरून झेंडूची फुलं आणली होती. शाळेच्या मुलींनी नालीत फुलं सोडली, टँकरचं तोंड उघडलं, आणि फुलं मोठ्या डौलात टपरीपर्यंत आली. तिथे ती थांबली, गोल फिरली आणि हळूहळू परत शाळेकडे निघाली. गर्दीत कुणी हसलं नाही, हे मला अजून आठवतं. मुलींच्या बाई फक्त म्हणाल्या, "चलो, अंदर चलो," आणि मुली आत गेल्या. मग अध्यक्षजींना कंठ फुटला. ठेकेदाराने सिमेंट खाल्लं, माती खाल्ली, उतारही खाल्ला, याला काळ्या यादीत टाका, आणि एवढ्या पैशांत दोन द्वारं झाली असती, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. ठेकेदार बिचारा एका बाजूला उभा होता. तो खाणाऱ्यांतला होताही, पण या वेळी त्याच्या तोंडावर खाल्लेल्या माणसाची कळा नव्हती.

दुसऱ्या दिवशी साडू सकाळपासून पाइप घेऊन नालीत उतरले. मी एक टोक धरून होतो. दुपारपर्यंत हिशेब लागला: टपरीपुढची सगळी नाली चार इंच वर बसली होती. सगळी, एकसारखी. साडूंनी पाइप गुंडाळला. मग चबुतऱ्याकडे गेले, त्याच्या काठावर बोट फिरवलं आणि विचारलं, "चचा, ये चबूतरा ऊँचा किया था?"

"जी साहब," चचांचा चेहरा उजळला. "बरसात में. आपके घुटनों में तकलीफ़ रहती है ना, बैठने-उठने में. एक रद्दा ईंट चढ़ा दी." मग काहीतरी आठवून घाईने म्हणाले, "निशान की फ़िकर मत कीजिए. वो हमने ऊपर हूबहू बना दिया था. वही रंग मँगवाया."

मी साडूंकडे पाहिलं. एका विटेच्या थराने अख्ख्या शाळेतल्या मुलींचा रस्ता अडवला होता, आणि ती वीट यांच्याच गुडघ्यांसाठी चढवलेली होती. साडूंनी चचांच्या खांद्यावर हात ठेवला. "बहुत आराम है, चचा. शुक्रिया," ते म्हणाले आणि चहा मागितला. घरी जाताना मी म्हटलं, "साडूभाऊ, ठेकेदाराने काही कमी खाल्लेलं नाही आजवर. या एका गोष्टीत त्याचं नाव आलं तर आकाश कोसळणार नाही." माझी बँकेत उमेदवारी याच शहाणपणावर झालेली आहे. ते थांबले आणि म्हणाले, "मग ते चार इंच कायमचे राहतील हो. कारण चुकीचं लिहिलं की दुरुस्तीही चुकीचीच होते."

बोर्डाच्या पुढच्या बैठकीत साडू मागच्या खुर्चीवर बसले नाहीत. उभे राहून म्हणाले की उंच्या आपण दिल्या, सुरुवातीची खूण आपण पुन्हा तपासली नाही, ठेकेदाराने सांगितलं तसंच बांधलं. चूक सर्वस्वी आपली. चबुतऱ्याचं नाव नाही, चचांचं नाव नाही. इतकी वर्षं रेल्वेत ज्यांच्या सहीशिवाय रूळ हलत नव्हता ते साडू सगळ्यांसमोर चूक कबूल करत होते आणि मला ते ऐकवत नव्हतं. अध्यक्षजी टेबलावर हात आपटून म्हणाले, "तो अब? गेट का पैसा भी नाली में बहा दें?" तेव्हा डोक्यावरचा पदर सारखा करत खुद्द अध्यक्ष बाई बोलल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो आणि बहुधा बोर्डही. "हम भी उसी इस्कूल में पढ़े हैं. पाँचवीं तक," त्या म्हणाल्या. "छठी में पानी बहुत था." त्यांनी यजमानांकडे पाहिलंही नाही. "टपरी से आगे की आधी नाली दुबारा बनेगी. लिखिए." लिहिणाऱ्याने लिहिलं. ठेकेदार खाली मान घालून उठला आणि म्हणाला, "मजुरी हमारी, माल बोर्ड दे दे. आज तक किसी साहब ने अपनी ग़लती हमारे सर से उतारी नहीं."

फेब्रुवारीत पुन्हा टँकर आला. साडूंनी या वेळी चबुतऱ्याचा जुना थर शोधून, तिथे छिन्नीने खूण कोरून, मगच उंच्या दिल्या होत्या. चचांना सांगितलं होतं की इंजिनीअर लोकांत अशा दोन खुणा ठेवायची पद्धत असते. फुलं टपरीपर्यंत आली. ताईंनी माझ्या बायकोचा हात एवढा दाबला की बांगडी पिचली. फुलं क्षणभर रेंगाळली आणि टपरी ओलांडून नाल्याकडे पळाली. मुली त्यांच्या बरोबरीने ओरडत धावल्या. साडू नालीच्या काठावर बसून रडले, हे मी लपवणार नाही. ताई त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "आता निघायचं ना?" आणि दिलेल्या शब्दाला जागून ते एप्रिलात साताऱ्याला गेले.

साताऱ्याचं घर डोंगरउतारावर आहे. तिथे पाणी आपलं आपण वाहतं, कुणाला काही विचारत नाही, आणि साडू गॅलरीत बसून ते बघतात, असं ताई फोनवर सांगायच्या. त्यांच्या सांगण्यात समाधान असायचं, पण पूर्ण नसायचं. पावसाळाभर साडू मला दर रविवारी फोन करून एकच प्रश्न विचारत आणि मी दर रविवारी गाडी काढून नाली बघून येत असे. एकदा शनिवारी गेलो, तेव्हा शाळा सुटताना मुली चपला पायात घालून बाहेर पडत होत्या. स्वागतद्वाराचे यंदा दोन खांब तेवढे उभे राहिलेत, कमान नाही.

परवा गेलो तर चबुतऱ्याचा काठ फुटलेला दिसला. मी म्हटलं, चचा, प्लास्टर करवा लीजिए. चचा दचकले. "ना भैया. इसको हम हाथ नहीं लगाएँगे. अध्यक्ष बहनजी कह गई हैं, अगली गली की नाली का नाप भी यहीं से होगा. बस साहब आ जाएँ." हे मी त्याच संध्याकाळी साडूंना कळवलं. पलीकडे फोन बाजूला ठेवल्याचा आवाज झाला. मग ताईंनी फोन घेतला.

"काय सांगितलंत हो तुम्ही त्यांना? माळ्यावरची पिशवी काढलीय. नळाखाली तो पाइप धुवायला बसलेत आणि मला म्हणतायत, जरा हे टोक धर."

ताईंनी टोक धरलं असावं. कारण फोन तसाच चालू राहिला आणि मला बराच वेळ नळाचं पाणी ऐकू येत होतं.