रंग उडालेला क्रोटन आणि इतर तक्रारी

नर्सरीतली झाडं गिऱ्हाईक घेऊन जातात, किस्से मात्र कोणी नेत नाही. ते इथेच पडून राहतात, मोडक्या कुंड्यांसारखे.

बदलापूरहून वांगणीकडे जाणाऱ्या रस्त्याला माझी छोटी नर्सरी आहे. एकवीस वर्षं झाली. गुडघे कुरकुरतात, आवाज बसलाय, आणि 'याला फूल कधी येतं?' या प्रश्नाचं उत्तर द्यायचा उत्साह कधीच संपलाय. माझ्याकडे सर्वांत जास्त खपतो तो क्रोटन. कमरेएवढा राहतो, बाल्कनीत मावतो, आणि लाल, पिवळा, केशरी असा सगळा रंग पानांतच असतो. फुलाची वाट बघावी लागत नाही, म्हणून तर तो लावायचा. तरी लोक विचारतातच.

मदतीला कुळगावचे हिरामणदादा आहेत. पासष्टी उलटली, बोलणं कमी. मी दमून खुर्चीत बसले की गिऱ्हाईक तेच बघतात.

*

उल्हासनगरचे एक कापडवाले शेठ एकदा स्कूटरवर कुंडी घेऊन आले. कुंडीतला क्रोटन हिरवागार. चार महिन्यांपूर्वी मी दिला तेव्हा चांगला लालभडक होता.

"दीदी, आपका कलर कच्चा निकला," शेठ म्हणाले. "तीस साल से कपडा बेचता हूँ. कच्चा कलर मैं हाथ लगा के पहचानता हूँ."

मी विचारलं, ठेवला कुठे होता? तर दुकानात, काउंटरमागे, एसीच्या खाली. ऊन म्हणून त्याने पाहिलेलं नव्हतं. सकाळपासून ऊन आणि रंग यांचा संबंध मी तिघांना समजावला होता. चौथ्यांदा तोंड उघडवेना. मी हिरामणदादांकडे पाहिलं.

दादा म्हणाले, "शेट, तुमचा कापड उन्हान ठेवला तर रंग जातो. यो उन्हान नाय ठेवला तर जातो."

शेठनी एक पान कापडासारखं चिमटीत चोळून पाहिलं. मग म्हणाले, "मतलब उलटा माल है." आणि कुंडी परत घेऊन गेले. पुढे दुकानाबाहेरच्या पायरीवर ठेवल्याचा त्यांनी फोटो पाठवला. नवीन पानं लाल आली होती. खाली दोनच शब्द होते : "पक्का हुआ."

*

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीतून एक साहेब रिटायर झाले. त्यांनी क्रोटन नेला आणि तीन आठवड्यांत मेलेला क्रोटन घेऊन परत आले. सोबत एक फाइल. फाइलमध्ये रोजचा तक्ता, पाणी किती मिली, कधी, कोणी घातलं, खाली सही.

मी तक्ता वाचला. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा.

"साहेब, दिवसातून तीनदा पाणी?"

"तीन शिफ्ट असतात ना," ते म्हणाले. "प्लँट कधी बंद ठेवत नाहीत."

मुळं कुजून काळी पडली होती. मी दुसरं रोप दिलं आणि सांगितलं, माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी घाला. बोट ही गोष्ट त्यांना फारशी पटली नाही. रीडिंग काय घ्यायचं, असं त्यांनी विचारलं.

दोन महिन्यांनी त्यांच्या पत्नी खत न्यायला आल्या. मी घाबरतच विचारलं, झाड कसं आहे?

"मस्त आहे. आता पाणी मी घालते," त्या म्हणाल्या. "ह्यांना तिथूनही रिटायर केलं."

*

वास्तुवाले मला आता लांबूनच ओळखू येतात. हातात मोबाइल, मोबाइलवर होकायंत्र. एक जण आग्नेयेच्या कोपऱ्यासाठी लालच क्रोटन हवा म्हणून दीड तास नर्सरीभर फिरले. शेवटी मनासारखा लाल मिळाला.

पंधरा दिवसांनी फोन. "ताई, प्रॉब्लेम झालाय. खालची पानं लाल आहेत, पण वर नवीन येतायत ती पिवळी."

मी म्हटलं, काही जातींत तसंच असतं. कोवळं पान पिवळं, जून झालं की लाल. पलीकडून अगदी काळजीने विचारलं, "म्हणजे ते वयात येईपर्यंत दुसऱ्या कोपऱ्यात ठेवू का?"

मी म्हटलं, ठेवा. वाद घालायचं माझं वय गेलंय.

*

एक किस्सा मात्र मला हसत सांगता येत नाही. बदलापूरच्या एका नव्या टॉवरमध्ये एक कुलकर्णी आजी राहायला आल्या. सगळा जन्म दादरला गेलेला, मुलाने इथे फ्लॅट घेतला म्हणून यावं लागलं. मुलगा-सून सकाळी कामाला जायची. आजींनी बाल्कनीसाठी क्रोटन नेला आणि दुसऱ्या दिवसापासून मला व्हॉट्सॲपवर मेसेज सुरू झाले.

"आज चार पानं गळली." "आज सात." "आज पाच, एक अर्धवट."

मी रोज एकच उत्तर लिहायची, जागा बदलली की क्रोटन पानं टाकतो, हलवू नका, थांबा. अकराव्या दिवशी मेसेज आला, "आज एकही पान गळलं नाही." मला हायसं वाटलं. लगेच दुसरा आला, "उरलंच नाही."

मी फोन केला. म्हटलं, नखाने साल जराशी खरवडून बघा. आत हिरवी आहे का?

"आहे," त्या म्हणाल्या.

"मग जिवंत आहे. आणखी महिनाभर धीर धरा."

त्या म्हणाल्या, "मलाही इथे येऊन दोन महिने झालेत. मला वाटलं होतं, आतापर्यंत सवय होईल."

पुढे कोंब फुटले, तेव्हा त्यांनी फोटो नाही पाठवला. स्वतः रिक्षाने आल्या, खुर्चीत बसल्या, चहा प्यायल्या आणि पहिल्याला सोबत हवी म्हणून दुसरा क्रोटन घेऊन गेल्या. आता दर गुरुवारी येतात. नेत काही नाहीत, बसतात.

*

गेल्या वर्षी कुळगावातले दोन भाऊ नर्सरीत आले. घराची वाटणी झाली होती. अंगणात मधोमध भिंत घालायची, पण भिंतीच्या बरोबर रेषेत आईने लावलेला क्रोटन. जुना, डेरेदार, दोघांच्या लग्नाच्या फोटोंत मागे दिसणारा. आईने वाटणीला नाही म्हटलं नव्हतं. तिची अट एवढीच होती, "माझा झाड दोघांच्याबी अंगणान पायजे. मंगच भिंत घाला."

मी म्हटलं, सोपं आहे, गुटी बांधू. गुटी म्हणजे फांदीवरची सालीची अंगठीएवढी पट्टी पूर्ण सोलून काढायची, तिथे ओलं शेवाळ बांधायचं, वर प्लॅस्टिक. दीड-दोन महिन्यांत आत मुळं फुटतात. फांदी कापून कुंडीत लावली की त्याच झाडाचं दुसरं झाड. मग भिंत हातभर सरकवायची, जुनं एकाकडे, नवं दुसऱ्याकडे. हिरामणदादांनी आयुष्यात हजारो गुट्या बांधल्या असतील. क्रोटनची फुकट गेलेली मी पाहिली नाही.

दादा जाऊन गुटी बांधून आले. दोन महिने झाले. ते बघून आले, म्हणाले, "अजून धरला नाय."

तीन महिने झाले. "नाय धरला."

विटा येऊन पडल्या होत्या. गवंडी दोनदा येऊन परत गेला. पाचव्या महिन्यात थोरला भाऊ माझ्यावर वैतागला. "ताई, तुमचा माणूस म्हातारा झालाय. तुम्ही स्वतः या." मलाही तसंच वाटलं. एवढी वर्षं बरोबर काम केल्यावर हे दादांना कसं सांगायचं, या विचारातच मी गेले.

अंगणात दोघे भाऊ उभे. दोन्ही सुना आपापल्या दारात. म्हातारी क्रोटनजवळ पाटावर बसून लसूण सोलत होती. हिरामणदादा माझ्या मागे, फाटकाशीच थांबले.

मी वाकून प्लॅस्टिक सोडलं. शेवाळ ओलं होतं, कोणीतरी नेमाने पाणी दिलेलं. ते हळूच बाजूला केलं.

फांदीची साल अखंड होती. तिला चाकू लागलाच नव्हता.

मी मागे वळून दादांकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते. म्हातारीने मान वर केली नाही, पण लसूण सोलायचे तिचे हात थांबले होते.

"काय ताई?" धाकट्याने विचारलं. "आहे का काही आत?"

मी शेवाळ होतं तसं लावलं. प्लॅस्टिक गुंडाळलं. सुतळीची गाठ दादांनी मारली होती त्याहून जरा घट्ट मारली.

"घाई करू नका," मी म्हटलं. "आता एकदम दिवाळीनंतर बघू."