दोरीला न लागलेला हात

या, जरा जवळ सरका. लांबून हळहळायला काय जातंय? माझा धाकटा भाऊ दगडू गेल्या महिन्यात माझ्याच ओसरीवर गेला. तुम्ही सगळे भेटायला आलात, आणि निघताना एकेकाने मला बाजूला घेऊन हळूच विचारलंत, "त्या अपघाताच्या दिवशी प्यायला होता का हो तो?" असं विचारतात का रे मेलेल्याच्या दारात?... नव्हता प्यायला. आता नीट ऐका.

दगडू शहाद्याच्या एका शेठजींची मालमोटार चालवायचा. सरकी काढायच्या जिनातून कापसाच्या गठाणी भरायच्या, तापी ओलांडायची, नंदुरबारला रेल्वेवर उतरवायच्या. निघण्याआधी तो सगळ्यांना मालाची दोरी ओढून बघायला लावायचा. बांधणारा बारक्या हमाल, मग शेठजी, शेवटी स्वतः. "हाकस मी एकलाच, पण भरतस तुम्ही सगळा," म्हणायचा. शेठजी चिडवायचे, मोटार चालवतोस की सत्यनारायण घालतोस? पण ओढायचे. अंगाने दणकट माणूस, सगळा भार टाकून ओढायचे. ढिली गाठ कळायची ती त्यांच्याच हाताला.

लढाईचे दिवस, पेट्रोल रेशनवर. शेठजींची आई वारली होती. जिनाच्या दारात लांब उभे राहून ते म्हणाले, सुतक आहे, मी मालाला शिवणार नाही. पण वर आणखी चार गठाणी चढवा, दुसऱ्या खेपेला पेट्रोल नाही. सुतक हाताला होतं, तोंडाला नव्हतं. आई गेलेल्या माणसाला दोरी ओढा कसं म्हणायचं, म्हणून दगडू गप्प बसला. बारक्याने ओढली, दगडूने ओढली, बारक्या गठाणींवर चढून बसला. तापीच्या उतारावर गाठ सुटली. बारक्या खाली, गठाणी त्याच्यावर... त्याच्या बायकोला नुसते पाय दाखवले. तेवढंच दाखवण्याजोगं होतं.

कोर्टात शेठजी शपथेवर म्हणाले, "मी त्या दिवशी दोरीला हातसुद्धा लावला नव्हता." खरंच बोलले, बघा. साहेबाने विचारलं, चाक कोणाच्या हातात होतं? दगडू म्हणाला, माझ्या. संपला खटला. जादा माल चढवायला कोणी सांगितलं हे त्याने सांगून पाहिलं, तर शेठजींचा वकील म्हणाला, मग हाकलीस कशाला? तो तुरुंगात गेला याबद्दल माझी तक्रार नाही. एकटा गेला, एवढीच आहे.

सुटून आला तो खोकला घेऊन. कोर्टाने परत दिलेली दोरी त्याने ओसरीच्या खुंटीला बांधली. रोज दिवेलागणीला उठायचा, दोन्ही हातांनी ओढायचा, "ढिली शे, आक्का," म्हणून पुन्हा पडायचा. शेवटच्या दिवशी उठवेना, तर मला ओढायला लावली. मी ओढली. "घट्ट शे का?"... मी पुन्हा ओढली.

तिरडी बांधताना सुंभ कमी पडलं, तरी ती दोरी मी सोडू दिली नाही. शेठजींनी माणसाबरोबर निरोप पाठवला होता, तुमच्याकडे सुतक आहे, ते फिटलं की येतो.

शेठजी, हे मी पेपरच्या पुरवणीत छापायला दिलंय; ती तुम्ही वाचता, मला ठाऊक आहे. सुतक फिटलं. या घरात आता माझ्यावाचून कोणी मरायचं उरलेलं नाही, तेव्हा नवं सुतक धरायच्या आत या. दोरी खुंटीलाच आहे. तुमचा हात लागायचा राहिलाय.