साडूंची पट्टी

बुरशी दिसली की माहेरचं माणूस भेटल्यासारखा खुलणारा इसम उभ्या नगर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हा माझ्या पत्रिकेतलाच दोष म्हणायचा. आमच्या लोणच्याला बुरशी आली तेव्हा सौभाग्यवती तोंड पाडून बरणी मोरीकडे घेऊन निघाल्या होत्या. साडूंनी ती वाटेतच अडवली, खिडकीपाशी उजेडात धरली आणि "काय सुरेख वाढलीय!" म्हणत वरचा थर आमच्याच स्टीलच्या डब्यात भरून प्रयोगशाळेत नेला. डबा घासूनपुसून परत आला, पण त्यात काही ठेवायची हिंमत आजवर कुणाला झालेली नाही. एका बारशाला तर पाळण्याकडे पाठ करून हे गृहस्थ ओल आलेल्या भिंतीपुढे इतका वेळ उभे राहिले, की यजमान बिचारे रंगाऱ्याला शिव्या घालू लागले.

त्यांचं काम समजायला मला बरीच वर्षं लागली. हवेत, मातीत, उसाच्या चिपाडावर असणाऱ्या काही बुरशी धडधाकट माणसाच्या वाटेला जात नाहीत. रक्तातली साखर वाढली, अंगातली ताकद खचली की मात्र आत शिरतात. म्हणून त्यांना संधिसाधू म्हणतात. (त्यावर माझ्या ओठांवर आलेली नावं मी गिळली.) तपासणीचा निकाल येईपर्यंत ही बया माणसाचा जबडा, डोळा खाऊन मोकळी होते. म्हणून साडू उंदरांच्या शरीरात अशी प्रतिपिंडं तयार करून घेतात, की जी नेमकी तीच बुरशी ओळखतील. ती कागदी पट्टीवर बसवायची, वर रक्ताचा थेंब सोडायचा, आणि रेघ उमटली की समजायचं, आहे. ऐकायला सोपं वाटतं. पण साडूंची प्रतिपिंडं कधी पावावरच्या साध्या बुरशीलाही ओळख द्यायची, तर कधी खऱ्या चोरालाच सोडून द्यायची. "काय म्हणतात मंडळी?" असं मी मुलांची चौकशी करावी तसं विचारायचो, आणि ते गंभीरपणे सांगायचे, "नापास."

गेल्या वर्षी एक प्रतिपिंड पास झालं. साडूंनी चक्क पेढे वाटले. त्याच सुमारास देवळाली प्रवराला ऊस करणारे त्यांचे थोरले बंधू आजारी पडले. साखर जुनी, पथ्य नावापुरतं. ताप उतरला, पण एक गाल बधिर राहिला. नगरच्या दवाखान्यात सायनसची औषधं सुरू झाली. पट्टीला अजून परवानगी नाही म्हणून साडू आधी नको म्हणत होते, पण वहिनींनी पिच्छाच पुरवला, तेव्हा रक्त घेतलं. पट्टीवर रेघ उमटली नाही.

"म्हंजी काय बी न्हाई ना, भाऊजी?" वहिनींनी हात जोडले.

साडू उठले आणि डॉक्टरांच्या दारात ठाण मांडून बसले. नाकात दुर्बीण घालून आजच बघा, एवढाच हट्ट. तुमचीच चाचणी नाही म्हणतेय ना, असं डॉक्टरांनी विचारलं, तर ती चुकली असेल, असं हा माणूस स्वतःच्या तोंडाने सांगत होता. शेजारी बसलेल्या मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अखेर कंटाळून डॉक्टरांनी दुर्बीण घातली. बुरशी होती. शस्त्रक्रियेत वरचे दात आणि टाळूचा तुकडा गेला. डोळा वाचला, माणूस वाचला.

आता दादा गावभर बोबड्या जिभेने सांगत फिरतात, की भावाच्या पट्टीनं वाचवलं. साडू एकेकाला गाठून खरं सांगतात. लोकांना तो विनय वाटतो.

स्वतःच्याच पट्टीवर विश्वास का ठेवला नाही, असं मी एकदा विचारलं.

"पट्टी कालची आहे हो. दादाचं तोंड मी जन्मापासून बघतोय. त्या दिवशी चहा ओठावरून ओघळत होता आणि त्याला कळत नव्हतं."

मग आता कशाला पुन्हा नव्या उंदरांपासून सुरुवात, असं मी म्हणालो. ते चष्मा पुसत राहिले.

"दवाखान्यात एकटाच आलेला असतो एखादा. त्याचं तोंड कोण ओळखणार?"