आखूड बोल्ट

तापलेल्या बिडाच्या लोखंडावर विहिरीचे थंड पाणी पडले की एक वास सुटतो. त्यात गंज असतो, जळके तेल असते आणि पहिल्यांदा हुंगणाऱ्याला ओल्या मातीचाही थोडा भास होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतल्या एका चैत्रात, सकाळची उन्हे नुकती अंगावर येऊ लागली असताना, आमच्या पानमळ्यात तो वास पसरला आणि त्यापाठोपाठ काच तडकावी तसा एक बारीक आवाज झाला. विहिरीचे पाणी ओढणाऱ्या इंजिनाची पाण्याची टाकी कोरडी पडली होती आणि ते हात लावू नये इतके तापले होते. माझ्या थोरल्या भावाने, ज्याला आम्ही दादा म्हणतो, दमून आलेल्या बैलाच्या अंगावर पाणी मारावे तितक्याच मायेने त्याच्यावर बादली ओतली. इंजिनाचे डोके आडवे तडकले. रिकामी बादली दादाच्या हातात तशीच होती.

मी त्या वेळी अकोल्याच्या एका साप्ताहिकात बातम्या निवडण्याचे आणि मोजूनमापून बसवण्याचे काम करत असे. लढाईमुळे कागद मिळेनासा झाला होता. दोन अंक निघणार नाहीत असे ठरले आणि मी गावी आलो. कामरगावच्या शिवारात, ओढ्याच्या काठाला आमचा पानमळा होता. बाहेर वऱ्हाडातले ऊन पांढरे होऊन कपाशीच्या रिकाम्या वावरांवर पडलेले असे आणि मळ्याभोवतीच्या कुडाच्या ताटीतून वाकून आत शिरले की प्रकाश एकाएकी हिरवा आणि थंड होई. शेवरी-पांगाऱ्यांवर चढलेल्या वेली, त्यांच्या पायथ्याशी सदैव ओलसर असलेली काळी माती, आणि पानांचा तो किंचित तिखट, किंचित गोड गंध. मळ्यात पायताण घालून कोणी जात नसे. ताटीबाहेर वहाणा काढायच्या आणि मगच आत पाऊल टाकायचे, ही रीत गावच्या पाटलालाही चुकली नव्हती. हा मळा वडिलांनी लावला होता, आणि त्यांच्यानंतर दादाने आणि वैनीने तो जपला होता. पानवेलीचे मूळ वरच्या वर असते. तिला एकदम पुष्कळ पाणी सोसत नाही आणि चार दिवस कोरडे राहणेही सोसत नाही. एकदा मेलेली वेल नव्याने लावून तिची पाने बाजारात नेण्याजोगी व्हायला दोन उन्हाळे जावे लागतात.

इंजिन आल्यावर दादाने मोटेचे बैल विकले होते. मोट गोठ्यात टांगलेली होती. तिचे कातडे लाकडासारखे कडक झाले होते आणि तळाशी उंदरांनी भोक पाडले होते. शेजाऱ्याने आपली मोट आणि बैल दोनदा दिले. तिसऱ्या वेळी त्याचीच वांगी माना टाकू लागली होती. आम्ही मागायला गेलो नाही.

कारंजा या बाजारगावातल्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यातले जुने इंजिन दादाने मिळवले आणि भाड्याच्या गाडीत घालून आणले. त्याच्याबरोबर रहीम मिस्त्रीही आला. तो साठीचा, दाढीत तेलाचे डाग असलेला माणूस, आणि इंजिनाशी माणसांपेक्षा जास्त अदबीने बोलायचा. त्याने इंजिनाभोवती एक फेरी मारली, जुन्या चौथऱ्यातून वर आलेल्या चार बोल्टांकडे पाहिले आणि मान हलवली. नव्या इंजिनाचे पाय जुन्यापेक्षा वीतभर फाकलेले होते. एकही भोक एकाही बोल्टावर येत नव्हते. चौथरा फोडून नवा बांधायचा तर चुना धरायला पंधरवडा हवा, आणि सिमेंट त्या दिवसांत परवान्याशिवाय दृष्टीलाही पडत नव्हते. मिस्त्रीने वेगळी तोड काढली. बाभळीच्या दोन जाड तुळया जुन्या बोल्टांनी चौथऱ्यावर आवळायच्या आणि इंजिन त्या तुळयांवर बसवायचे. त्यासाठी चार नवे बोल्ट हवे होते: तुळईच्या पोटातून निघून इंजिनाच्या पायातून वर येतील आणि नट पुरता बसेल एवढे लांब.

“इंग्रजी येनारा मानूस घरात असताना मी कायले जाऊ?” दादा म्हणाला. “तू जा. पेट्यांवरचं वाचून आनजो.”

मी फूटपट्टी मागितली. मिस्त्री हसला. “इंच सांगितले तं भाऊ इंचच घेऊन येतीन. दोरी देली म्हंजे बोल्ट येतीन.” आणि त्याने अंबाडीची सुतळी तुळईच्या तळापासून इंजिनाच्या पायाच्या वरपर्यंत ताणून, नटाला आणि वायसरच्या चकतीला जागा धरून, दोन ठिकाणी घट्ट गाठी मारल्या. त्या दोन गाठींमधले अंतर म्हणजे आमचा बोल्ट.

दुसऱ्या दिवशी पहाटेच पानांची भाड्याची गाडी कारंज्याला निघाली. पानांच्या टोपल्यांवर ओले गोणपाट असते आणि वाटेत दर कोसाला त्यावर पाणी शिंपडावे लागते. ते काम माझ्याकडे होते. सुतळी खिशातून कुठे पडू नये म्हणून मी ती एका टोपलीच्या कडीला, गोणपाटावरून दोन वेढे देऊन बांधली. उजाडत होते. रस्त्याच्या कडेच्या कडुनिंबांना मोहोर होता आणि त्याचा कडवट सुगंध ओल्या पानांच्या वासात मिसळत होता. एका जबाबदार कामावर निघालेल्या माणसाला जे समाधान वाटते, ते मला वाटत होते.

बोहरी शेठचे लोखंडाचे दुकान धान्यबाजाराच्या मागे होते. त्याने हात पसरून रिकाम्या फळ्या दाखवल्या. “लोहा सब लड़ाई में गया, भाईसाब. जो है वो यहाँ पड़ा है.” मला पुढे पोत्यावर बसवून त्याने मोडक्या लोखंडाचा ढीग माझ्यासमोर मोकळा केला. मी दुपारपर्यंत त्यात हात घालून बसलो होतो. पेट्या नव्हत्याच, त्यामुळे वाचण्यासारखे काही नव्हते. हाताला लागत होती ती वजने, कडा, आणि आट्यांची बारीक-जाड धार. अखेरीस भोकाच्या मापाला चालतील असे दोन संच उरले. एक चार बोल्टांचा, जवळजवळ कोरा. टोपलीवरून नुकतीच सोडून आणलेली सुतळी धरली तर गाठीपासून गाठीपर्यंत तंतोतंत. दुसरा दोन बोटे अधिक लांब, तांबूस, आट्यांत डांबर साचलेले.

“लंबा ले जाव,” शेठ म्हणाला. “लंबा कटता है. छोटा खींचने से लंबा नहीं होता, रबड़ थोड़ी है.”

मी सुतळी पुन्हा धरून पाहिली. तिसऱ्यांदाही पाहिली. छापखान्यात एक ओळ जास्त झाली तर ती कापावी लागते आणि कमी झाली तर जागा उघडी पडते, दोन्ही दोषच. मापात बसते तेच बरोबर, हे मी इतकी वर्षे मानत आलो होतो. मी कोरे बोल्ट घेतले. शेठने खांदे उडवले आणि लांब बोल्ट पुन्हा ढिगात टाकले. त्यांचा खणखणाट मी ऐकला, आणि माझ्या मनात काहीही आले नाही.

दुसऱ्या सकाळी मिस्त्रीने पहिला बोल्ट तुळईतून वर घातला. इंजिनाच्या पायातून त्याचे टोक जेमतेम डोकावले. नट दोन आटे फिरला आणि पुढे धरायला काही उरले नाही. दुसरा, तिसरा, चौथा तसाच. मिस्त्रीने माझ्याकडून सुतळी मागून घेतली, तुळईला लावली, आणि ती बरोबर भरली. मग बोल्टाला लावली. बोल्ट अंगठ्याच्या जाडीइतका आखूड होता.

वैनी पाने रचत बसली होती, ती उठून आली. तिने सुतळी चिमटीत धरली.

“भाऊजी, ही टोपल्याले बांधली व्हती काय तुमी?”

मी हो म्हणालो.

“मंग वल्ली झाली असन. वल्ली दोरी आखडते ना. बाजेवर पानी मारलं का ती कशी ताठ होते?”

लहानपणी उन्हाळ्याच्या संध्याकाळी अंगणातल्या सैल बाजांवर पाणी मारण्याचे काम माझेच असे. अंबाडी ओलावली की आवळते, हे मला शाळेत जाण्याआधीपासून ठाऊक होते. वाळलेल्या दोरीवर घेतलेले माप मी ओल्या दोरीने तोलले होते, आणि तिसऱ्यांदा पडताळूनही ते तितकेच चुकीचे निघाले होते.

“हे गावात सांगू नोका बरं,” दादा म्हणाला. “लोक म्हनतीन, एवढे बुकं शिकला अन् दोरी भिजवून आला.” तो हसला. त्याच्या हसण्यात राग असता तर मला उभे राहायला जागा मिळाली असती.

मी त्याच दिवशी पुन्हा कारंज्याला गेलो. लांब बोल्ट आदल्या संध्याकाळीच कोणी घेऊन गेले होते. कोणी, ते शेठला आठवत नव्हते. “मैं बोला था,” एवढे म्हणून त्याने माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. ढिगात मी अंधार पडेपर्यंत शोधत राहिलो.

शेवटी मिस्त्रीने तुळयांचे पोट कोरले. बोल्टाचे डोके अंगठाभर आत बुडेल अशा चार खळग्या त्याने पटाशीने पाडल्या. जुन्या, सुकलेल्या बाभळीवर पटाशी दगडावर घासावी तशी वाजत होती. “लाकूड दुखावलं,” तो म्हणाला, “पन चालून जाईन, खुदा करन तं.” दुपारी इंजिन सुरू झाले. पाणी पाटात पडले तेव्हा कोरडी माती ते इतक्या वेगाने प्यायली की आधी पाणी काही पावलांपलीकडे सरकेचना. वैनी पाटाच्या कडेला बसून पाण्याचे टोक बोटाने वाट दाखवत वेलीकडे नेत होती. तीन ओळी भिजल्या. चौथीच्या निम्म्यावर एक जड, बसका आवाज आला. डाव्या तुळईला खळगीपासून टोकापर्यंत चीर गेली आणि इंजिन एका बाजूला कलून थरथरत थांबले.

मिस्त्री तुळईवर हात ठेवून बसला होता. तेवढ्या जाडीची वाळलेली बाभूळ आसपास नव्हती. ओली घ्यावी तर ती पिळून फाटेल. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर जुने गाडे मोडले होते, त्याचे लाकूड मिळाले तर तो घेऊन येणार होता. जाणे, मिळवणे, आणणे, कापणे, असे त्याने बोटांवर मोजले. आठ दिवस. वेलींजवळ आठ दिवस नव्हते, हे त्यालाही दिसत होते; जाताना त्याने ताटीतून मागे वळून पाहिले नाही.

विहिरीला पाणी होते. चार परस, म्हणजे चार माणसांच्या उंचीइतके, खाली, स्वच्छ, स्थिर. वाकून पाहिले तर त्यात आपले डोके दिसे. दोर आणि घागर घेऊन आम्ही तिघे लागलो. दादा ओढायचा, मी वाहायचो, वैनी वेलीच्या मुळाशी तांब्यातांब्याने घालायची. तांब्याहून अधिक कोणत्याच वेलीच्या वाट्याला नाही. उन्हे कलेपर्यंत आम्ही जेवढ्या वेली भिजवल्या तेवढ्याच उद्या पुन्हा भिजवाव्या लागणार होत्या, आणि त्या अर्ध्या मळ्याहून अधिक नव्हत्या. हे तिघांनाही कळले होते. पाने टोकाकडून आत वळू लागली होती, आणि त्या हिरव्या प्रकाशात मी पहिल्यांदाच उन्हाचे पांढरे कवडसे पाहिले.

दादा दोर गुंडाळून माझ्यापाशी आला. त्याचे तळहात सोलवटले होते.

“अर्धा सोडा लागते,” तो म्हणाला. “कोनती बाजू, ते तू सांग. माह्याच्यानं होत नाई.”

मी त्याच्याकडे पाहिले. माझ्या हातून जे झाले होते ते त्याला माहीत नव्हते असे नव्हे. तरी तो मलाच विचारत होता, आणि त्यात टोमणा नव्हता. मी ओळींमधून फिरलो. ओढ्याकडच्या वेली जुन्या होत्या, त्यांची पाने जाड आणि लहान. विहिरीकडच्या तरण्या, रुंद पानांच्या. ओढ्याकडे जमिनीत थोडी ओल असेल, विहिरीकडे पाणी कमी अंतर वाहावे लागेल. प्रत्येक कारणाला तेवढेच दुसरे कारण होते. धरून पाहण्यासारखे माझ्यापाशी काहीच नव्हते. बातमीत आम्ही घडलेले लिहितो. न घडलेल्याला रकाना नसतो.

“ओढ्याकडची सोडू,” मी म्हणालो.

दादाने का ते विचारले नाही. त्याने घागरी उचलून विहिरीकडे ठेवल्या. त्या उन्हाळ्यात विहिरीकडची बाजू जगली. लोक म्हणाले, बरे निवडले. ओढ्याकडची ठेवली असती तर काय झाले असते हे कोणी मला सांगू शकत नाही, आणि मीही पुढे कित्येक वर्षे ते कोणाला विचारले नाही.

त्या संध्याकाळी वैनीने मात्र पदर खोचला आणि रिकामी टोपली घेऊन ती ओढ्याकडच्या ओळींत शिरली. “पानं तं तोडून घ्या लागन,” ती म्हणाली. “वाळून कायले जाऊ द्याचे?” आम्ही दोघे तिच्या मागे गेलो. उतरत्या उन्हात आम्ही वेलीवेलीवरून पाने खुडत होतो, मोठी, लहान, एरवी आणखी पंधरा दिवस ठेवली असती तीसुद्धा. ज्या वेली मी नुकत्याच सोडल्या होत्या त्यांची पाने अजून थंड होती. तळहातावर ठेवली की दिवसभराच्या घागरींची आग निवत होती, आणि ती एकमेकांवर रचताना, सरळ बाजू वर, देठ एका दिशेला, माझा हात नेहमीइतकाच सावकाश चालला होता.